लॉर्ड डेलामिअर आणि एकरी अर्धी पेनी

मसाई माराची सफारी करून आलेल्या मराठी मंडळींच्या लिहिण्या-बोलण्यात हल्ली एक नाव हटकून येतं, लॉर्ड डेलामिअर. नैरोबीहून नाकुरूला जाताना नैवाशाजवळ त्या घराण्याच्या नावाचं दुकान लागतं, तिथं गाडी थांबते, दही खाल्लं जातं आणि गाइड घराण्याच्या मूळपुरुषाच्या गोष्टी सांगतो. परत आल्यावर या गोष्टींवरून वाद रंगतो. एक बाजू म्हणते, माणूस जिगरबाज होता, ओसाड माळावर गहू पिकवला, केनिया त्याने घडवला. दुसरी म्हणते, कसला घडवला, हॉटेलच्या जेवणघरात घोडा घालणारा आणि बाटल्यांवर गोळ्या झाडणारा माजोरडा लुटारू होता तो. मग पहिली बाजू त्याच्या कष्टांचे दाखले देते, दुसरी त्याच्या मस्तीचे. दोन्हीकडचे बहुतेक दाखले खरे आहेत, आणि तरीही वाद इंचभर पुढे सरकत नाही. कारण दोघेही डेलामिअरचं प्रगतिपुस्तक भरत बसले आहेत.

माझं म्हणणं असं, की हा माणूस स्वभावाने कसा होता हा प्रश्नच इथे जवळपास गैरलागू आहे. तो भला होता असं धरून चाललं तरी निकाल त्याच्या विरुद्धच जातो. किंबहुना तो भला होता असं धरूनच हा खटला चालवावा, म्हणजे दुखणं नेमकं कुठे होतं ते दिसतं. ते होतं भाडेपट्ट्यात, झोपडीवरच्या करात, गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रात आणि कोर्टाच्या निकालपत्रात. यातलं काहीही एखाद्याच्या चांगुलपणाने बदलणारं नव्हतं.

आधी माणूस. ह्यू चमली, तिसरा बॅरन डेलामिअर, जन्म १८७० चा. इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात व्हेल रॉयल ही वाडवडिलांची इस्टेट, वयाच्या सतराव्या वर्षीच ती त्याच्याकडे आली. शिक्षण ईटनला, जीव घोड्यांत आणि शिकारीत. १८९१ पासून तो सिंह मारायला सोमालीलँडला जाऊ लागला. तिथे एका सिंहाने त्याचा पाय फाडला. अब्दुल्ला अशुर नावाचा त्याचा सोमाली बंदूकवाहक सिंहाच्या अंगावर धावून गेला म्हणून साहेब वाचले, लंगडणं मात्र जन्मभर राहिलं. १८९६-९७ मध्ये बर्बेरा बंदरातून उंटांचा काफिला घेऊन तो दक्षिणेकडे निघाला आणि वाळवंट मागे पडल्यावर केनियाचं हिरवं पठार त्याच्या दृष्टीस पडलं. आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या अर्लची मुलगी फ्लॉरेन्स कोल हिच्याशी १८९९ मध्ये लग्न झालं, आणि १९०३ मध्ये त्याने केनियातच बस्तान बसवलं.

जमीन मिळाली नाकुरूजवळच्या न्जोरोला. एक लाख एकर, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने. बृहन्मुंबईची आजची जी हद्द आहे, तिच्या सुमारे दोन तृतीयांश इतका हा तुकडा. भाडं वर्षाला दोनशे पौंड, आणि पाच वर्षांत पाच हजार पौंड जमिनीत घालायची अट. एकरी अर्धी पेनीसुद्धा भाडं पडत नव्हतं. हा हिशोब आपण रुपयांत करू, कारण तिकडचं चलन १९२० पर्यंत आपला हिंदुस्थानी रुपयाच होता. पंधरा रुपयांचा पौंड धरला तर लॉर्डसाहेबांचं वर्षाचं भाडं तीन हजार रुपये. त्याच सुमारास आफ्रिकन माणसाच्या झोपडीवर कर बसला होता, आणि तो चढत चढत झोपडीमागे तीन रुपयांवर गेला. म्हणजे हजार झोपड्यांनी मिळून जेवढं भरायचं, तेवढं भरून एका माणसाने लाख एकर वहिवाटायची. झोपडीवाल्याला त्या तीन रुपयांत काय मिळत होतं? स्वतःच्याच झोपडीत झोपायची परवानगी. आणि हे रोख तीन रुपये आणायचे कुठून? गोऱ्याच्या मळ्यावर राबून. करामागचा हेतू महसुलाइतकाच मजूर बाहेर काढण्याचा होता, आणि तिथल्या राज्यकर्त्यांनी तो फारसा लपवलाही नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. या माणसाने स्वतःचं घर जाळून शेती केली. मातीच्या झोपडीत राहिला, परदेशातून मेंढ्या आणल्या, त्या पटापट मेल्या. त्या गवतात जनावराला लागणारी खनिजंच नव्हती. मग गाई आणल्या, त्या रोगांनी खाल्ल्या. मग गहू पेरला, तो तांबेऱ्याने गेला. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून परत गेला असता. याने शास्त्रज्ञ पगारावर ठेवला, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणासाठी वर्षानुवर्षं प्रयोग करवले, १९०८ मध्ये ‘उंगा’ ही पिठाची गिरणी काढली, पुढे १९२५ मध्ये दूधवाल्या शेतकऱ्यांची सहकारी डेअरी उभी राहिली त्यातही त्याचा हात होता. यासाठी चेशरची इस्टेट गहाण पडली, आणि १९३१ मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. गिरणीचं नाव आजही केनियाच्या घराघरात आहे. लुटारू अशी लूट करतो का?

मला यातलं काहीही खोडून काढायचं नाही. गव्हाचे प्रयोग खरोखरच मोठे होते. पण धाडसाचं कौतुक करताना एक गोष्ट विचारायची राहून जाते, ती ही, की धाडस करायची मुभा होती कुणाला? डेलामिअर पुन्हा पुन्हा बुडू शकला, कारण दर वेळी गहाण टाकायला त्याच्याकडे काहीतरी होतं. व्हेल रॉयलचं उत्पन्न इंग्लंडमधली कुळं भरत होती, आणि न्जोरोच्या पट्ट्यावर सरकारी शिक्का होता. आफ्रिकनांसाठी राखून ठेवलेल्या शेजारच्या टापूतल्या किकुयू जमातीच्या शेतकऱ्याकडे ना शिक्का होता ना पट्टा, त्यामुळे त्याला कर्ज नाही. कॉफीसारखं नगदी पीक लावून बघावं म्हटलं तर आफ्रिकनांना ते १९३० च्या दशकापर्यंत जवळपास बंदच होतं. त्यात न्जोरोचं ते गवत जनावराला मानवत नाही हे मसाई गुराख्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, म्हणूनच ते तिथे गुरं ठेवत नसत. म्हणजे ज्याला माळाचा गुण कळत होता त्याच्या हातात कागद नव्हता, आणि ज्याच्या हातात कागद होता त्याने तो गुण हजारो पौंड आणि हजारो मेंढ्या घालवून शिकून घेतला. याला पराक्रम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शिवाय ‘स्वतःच्या हिमतीवर’ हेही अर्धंच खरं. त्या पठारावरचं एक पोतंसुद्धा मोंबासाच्या बंदरात गेलं नसतं, जर आधी रेल्वे नसती. ती १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. ब्रिटिश करदात्यांचे पन्नास लाखांहून अधिक पौंड त्यात गेले आणि हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांचे हात लागले. त्यातले बहुतेक पंजाबातले, आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. खर्च झाला, गाड्या सुरू झाल्या, पण वाहायला मालच नव्हता. तेव्हा तिथल्या ब्रिटिश प्रशासनाचे प्रमुख, कमिशनर सर चार्ल्स एलियट यांनी गोऱ्या जमीनदारांना आवतण धाडलं, की या, जमीन घ्या, माल पिकवा, रेल्वेचा खर्च भरून काढा. डेलामिअरला लाख एकर मिळाली ती त्याच्या गुणांमुळे नव्हे, रेल्वेच्या ताळेबंदामुळे.

दुसरा मुद्दा ओसाड जमिनीचा. हाही सरसकट खोटा नाही. १८९० च्या आगेमागे बुळकांड्या रोगाने मसाईंची गुरं होत्याची नव्हती केली, पाठोपाठ देवी आल्या, त्यात आपसातल्या लढाया. एलियट किंवा डेलामिअर यांना जे रिकामं पठार दिसलं ते खरोखरच बरंचसं रिकामं होतं. पण रिकामं म्हणजे बेवारस का? मराठी वाचकाला तरी हे उत्तर शिकवावं लागू नये. आपल्याकडे दुष्काळात गावंच्या गावं परागंदा व्हायची. त्या काळी मिरासदार, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत धनी, मुलूख सोडून गेला तरी त्याची मिरास बुडत नसे. मधल्या काळात उपरी, म्हणजे मिरास नसलेली कुळं, ती जमीन कसत, आणि मिरासदार वर्षानुवर्षांनी परतला तरी आपला हक्क मागू शके. राज्यकर्ते कौल देऊन, इस्ताव्याने सारा चढवत नेण्याचं कबूल करून पळालेली रयत परत बोलावत. ते काही दयाळू होते अशातला भाग नाही, पण ओस पडलेलं गाव आणि धनी नसलेलं गाव यातला फरक त्यांना कळत होता. आणि पशुपालकांची जमीन तर धडधाकट काळातसुद्धा अर्धं वर्ष रिकामीच दिसते. आपला धनगर कळप घेऊन कोकणात उतरला की त्याचा घाटावरचा माळ रिकामा दिसतो, म्हणून तिथे कुणी खुंट्या ठोकायला लागला तर आपण काय म्हणू?

बरं, इंग्रजांना हे कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं, म्हणून तर त्यांनी करार केला. १९०४ च्या करारानुसार मसाईंनी रिफ्ट खोऱ्यातली कुरणं सोडून काहींनी उत्तरेला लाइकिपियाला आणि काहींनी रेल्वेच्या दक्षिणेला जायचं ठरलं. बदल्यात शब्द असा, की मसाई जमात अस्तित्वात आहे तोवर ही नवी जमीन तिची. हा शब्द सात वर्षं टिकला. लाइकिपियाचं गवत गोऱ्यांच्या डोळ्यांत भरलं, १९११ मध्ये नव्या करारावर अंगठे घेतले गेले, आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे दहा हजार माणसं आणि लाखो जनावरं दक्षिणेला हाकलली गेली. मसाईंनी यावर भाले उचलले नाहीत, ते इंग्रजांच्याच कोर्टात गेले. १९१३ चा हा खटला सगळ्या प्रकरणाचा अर्क आहे. कोर्टाने जमीन कुणाची हे तपासलंच नाही. म्हणे हा प्रदेश संरक्षित मुलूख आहे, ब्रिटिश भूमी नव्हे, मसाई ही परकी सत्ता, आणि दोन सत्तांमधल्या तहावर इथलं कोर्ट निवाडा देऊ शकत नाही. झोपडीवर कर बसवताना जो प्रजाजन होता, तो दाद मागायला आला की परदेशी सार्वभौम राजा! पुढे १९२० मध्ये केनिया रीतसर वसाहत झाली, तेव्हा परकेपणाची ही पळवाट बुजली असं वाटेल. तर १९२१ मध्ये एका किकुयू फिर्यादीच्या खटल्यात निकाल आला, की आता सगळी जमीन राजमुकुटाची, आणि आफ्रिकन म्हणजे राजाच्या मर्जीवर बसलेली कुळं. गोऱ्या जमीनदारांना मात्र १९१५ च्या कायद्याने ९९९ वर्षांचे पट्टे मिळू लागले होते. एकीकडे मर्जी आणि दुसरीकडे हजाराला एक कमी इतकी वर्षं, ही तफावत कुणाच्या दिलदारपणाने भरून निघणार होती?

दिलदारपणाचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. डेलामिअरला मसाईंचं खरंच वेड होतं. त्यांची भाषा त्याला येई, गुराखी म्हणून तोच माणूस हवा असे, आपल्या कळपातली गुरं ते लांबवतात हे माहीत असूनही तो काणाडोळा करी. आणि हाच डेलामिअर विधिमंडळात गोऱ्या जमीनदारांचा म्होरक्या. १९०८ मध्ये मजूर मिळत नाहीत म्हणून तो जमाव घेऊन गव्हर्नरच्या बंगल्यावर चालून गेला आणि त्यापायी विधिमंडळातून निलंबित झाला. मजूर आणून द्या ही या वर्गाची वर्षानुवर्षांची मागणी, आणि सरकार ती हप्त्याहप्त्याने पुरवत गेलं. १९१८ च्या कायद्याने मळ्यावर राहणाऱ्या आफ्रिकन कुटुंबाच्या पुरुषाने मालकासाठी वर्षाला किमान १८० दिवस राबायचं ठरलं. पाठोपाठ ‘किपांडे’ आला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाने बोटांचे ठसे आणि मालकाचा शेरा असलेला कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. शेरा नसेल तर पळपुटा, सरळ तुरुंग. याच्या शेजारी हे ठेवा. १९११ मध्ये डेलामिअरचा सख्खा मेव्हणा गॅलब्रेथ कोल याने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून एका आफ्रिकनाला गोळी घालून मारलं. गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. लंडनला लाज वाटली म्हणून त्याला हद्दपार केलं, काही वर्षांनी तो परत आलाही. असा डोलारा उभा असताना मालक मसाईशी मसाई भाषेत बोलतो याचं मोल किती लावायचं?

आता जरा आपल्याकडे वळू, कारण या वादात मराठी माणूस फार सहज फिर्यादीच्या पिंजऱ्यात जाऊन बसतो. केनियात १९२१ च्या शिरगणतीत गोरे साडेनऊ हजारांच्या घरात होते आणि भारतीय तेवीस हजारांच्या आसपास. तरी पठारावर भारतीयांना जमीन घ्यायला बंदी. यावरून जो तंटा पेटला त्यात गोऱ्यांनी गव्हर्नरलाच पळवून नेण्याचे बेत रचले, डेलामिअर शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेला, आपल्याकडून नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री गेले. १९२३ च्या श्वेतपत्रिकेत निकाल लागला. गोऱ्यांना विधिमंडळात अकरा जागा, भारतीयांना पाच, पठार गोऱ्यांचंच. आणि वर मखलाशी, की केनिया हा आफ्रिकनांचा देश असून त्यांचं हित सर्वोच्च! त्या सर्वोच्च हितासाठी प्रतिनिधी किती, तर एक. तोही गोरा मिशनरी, सरकारने नेमलेला.

आपल्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण आपण मागत काय होतो? पठार मसाईंना आणि किकुयूंना परत द्या असं नव्हे, तर आम्हालाही विकत घेऊ द्या असं. आणि हे फक्त मोंबासाच्या व्यापाऱ्यांपुरतं नव्हतं. १९१५ मध्ये मृत्यूपूर्वी नामदार गोखल्यांनी सुधारणांचा जो मसुदा लिहिला, जो १९१७ मध्ये आगाखानांनी प्रसिद्ध केला, त्यात एक मागणी अशी होती, की केनियाच्या दक्षिणेला लागून असलेली जर्मन पूर्व आफ्रिका ही वसाहत जिंकली तर ती भारतीयांच्या वसाहतीसाठी राखून हिंदुस्थान सरकारच्या हवाली करावी. गोखले! दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी झिजलेला, करारबद्ध मजुरीविरुद्ध कौन्सिलात लढलेला माणूस. त्यांच्या स्वभावात खोट काढायची कुणाची छाती आहे? तरीही दुसऱ्याची भूमी नकाशावर रिकामी दिसली की सज्जनांतल्या सज्जनाची लेखणीसुद्धा कशी चालते, ते त्या एका कलमात दिसतं. तेव्हा साम्राज्यातल्या सगळ्यांचा सूर हाच होता, असं यावर म्हणता येईल. सगळ्यांचा? गोखल्यांनंतर सहाच वर्षांनी मुळशीच्या खोऱ्यात सेनापती बापट आणि मावळे शेतकरी धरणाखाली जाणाऱ्या जमिनीसाठी सत्याग्रहाला बसले, आणि मोबदला कितीही द्या, ज्याची जमीन त्याला विचारल्याशिवाय ती घेता येते का, असाच त्यांचा सवाल होता. म्हणजे हा प्रश्न त्या काळात कुणाला सुचूच शकत नव्हता असं नाही. मसाई तर तो १९१३ मध्येच वकिलामार्फत विचारून बसले होते.

शेवटचा बचाव आजकाल सगळ्यात जास्त ऐकू येतो. गोरे गेले आणि काय झालं, काळ्या पुढाऱ्यांनीच जमिनी लाटल्या ना? लाटल्या. स्वातंत्र्याच्या तोंडावर १९६२ मध्ये दहा लाख एकरांची योजना निघाली. ब्रिटिश आणि जागतिक बँकेच्या कर्जातून गोऱ्यांच्या जमिनी बाजारभावाने विकत घ्यायच्या आणि आफ्रिकन शेतकऱ्यांना हप्त्यांवर द्यायच्या. ज्याच्या आजाची जमीन फुकट गेली त्याने ती कर्ज काढून परत घ्यायची, असा तो मामला. ज्यांच्याकडे पैसा आणि वशिला होता त्यांनी मोठमोठे मळे अख्खेच्या अख्खे उचलले. हे तेव्हाच तोंडावर सांगणारा एक माणूस होता, पिओ गामा पिंटो. मूळ घराणं गोव्याचं, जन्म नैरोबीचा, तरुणपणी मुंबईत राहून गोवामुक्तीच्या कामात पडलेला, मग केनियात इंग्रजांविरुद्धच्या माउ माउ या सशस्त्र लढ्याला मदत केली म्हणून इंग्रजांच्या कैदेत वर्षं काढलेला. स्वतंत्र केनियात खासदार झाल्यावरही त्याने जमिनीचा प्रश्न सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्याच्या घराच्या फाटकाशीच त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा ‘त्यांनीही लाटल्या’ हा डेलामिअरचा बचाव होऊच शकत नाही. नव्या सत्ताधाऱ्यांनी लाटल्या त्या त्याच कायद्यांच्या, त्याच पट्ट्यांच्या वाटेने. वाट इंग्रजांनी घालून दिली होती, चालणारे बदलले.

आज डेलामिअर घराण्याच्या सोयसांबू मळ्यावर, एलमेंटाइटा तळ्याच्या काठी, अभयारण्य आहे. फ्लेमिंगो येतात, पर्यटक येतात, आणि जमीन तुकड्यांत वाटली असती तर हे उरलं असतं का, असा नवा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर जमीन वाटून टाका असं मी देणार नाही. त्या पावसात दोन-दोन एकरांचे तुकडे ना माणसाला पुरतील ना जनावराला. पण आहे ते असंच चालू द्या, हेही उत्तर नव्हे. २००४ मध्ये, १९०४ च्या कराराला शंभर वर्षं झाली म्हणून मसाई गुरं घेऊन लाइकिपियाच्या खासगी कुरणांत शिरले. २०१७ च्या दुष्काळात वेगवेगळ्या जमातींचे गुराखी पुन्हा कुंपणं मोडून आत आले आणि माणसं मेली. २०१० च्या राज्यघटनेने परदेशी नागरिकांचे ९९९ वर्षांचे पट्टे ९९ वर्षांवर आणले, पण केनियाचं नागरिकत्व घेतलेल्या जमीनदाराला ते कलम लागतच नाही. त्याच घटनेने राष्ट्रीय भूमी आयोग नेमला आणि जुन्या अन्यायांची चौकशी त्याच्याकडे सोपवली. १९०४ चा करार या आयोगाला तरी ‘परक्या सत्तेचा तह’ म्हणून बाजूला सारता येऊ नये. मालकी कागदावर कुणाचीही राहो, पाऊस पडला नाही त्या वर्षी या कुरणांत चरायचा हक्क आणि अभयारण्याच्या उत्पन्नात ठरलेला वाटा, या दोन गोष्टी मसाईंना मेहेरबानी म्हणून नव्हे तर कायद्याने मिळायला हव्यात. पर्यटनाच्या पैशावर त्या अशक्य नाहीत. जमीनदार म्हणतील, एकदा गुरं आत घेतली की ती बाहेर निघायची नाहीत. ही भीती अगदीच खोटी नाही, म्हणूनच किती गुरं, किती दिवस आणि कुठल्या वाटेने, हे दुष्काळ पडायच्या आधी दोघांनी बसून ठरवायला हवं.